मोठा सेन्सर, जड फाइल: मिडियम फॉरमॅट आणि रॉ प्रक्रियेचे आठ महिने

गेले आठ महिने मी 50 मेगापिक्सेलचा एक मिडियम फॉरमॅट (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा मोठ्या सेन्सरचा) डिजिटल कॅमेरा वापरत आहे. सोबत एकच लेन्स आहे; फुल फ्रेमवर, म्हणजे 36 × 24 मिलिमीटरच्या सेन्सरवर, 50 मिलिमीटरची लेन्स जेवढे दृश्य टिपते, साधारण तेवढेच ती टिपते. त्याआधी बरीच वर्षे फुल फ्रेमवर काम केले होते आणि रॉ फाइलीही (कॅमेऱ्याने चित्र न घडवता साठवलेल्या मूळ आकड्यांच्या फाइली) हाताळल्या होत्या, त्यामुळे फारसे नवे शिकावे लागणार नाही असे मी धरून चाललो होतो. तो अंदाज चुकला. कॅमेरा दोन आठवड्यांत हाताला बसला; त्यातून निघणारी फाइल नीट वाचता येईपर्यंत मात्र सहा महिने गेले, आणि हे लिखाण मुख्यतः त्या सहा महिन्यांविषयी आहे. मॉडेलचे नाव देत नाही, कारण सांगायचे आहे ते एका मॉडेलपुरते नाही. 43.8 × 32.9 मिलिमीटरच्या आसपासचा, 50 मेगापिक्सेलचा सेन्सर 2014 मध्ये पेंटॅक्स 645 झेडमध्ये आला, 2016 मध्ये जाहीर झालेल्या हॅसलब्लाड एक्स 1 डीमध्ये होता, 2017 मध्ये आलेल्या फुजिफिल्म जीएफएक्स 50 एसमध्येही होता. मिडियम फॉरमॅटची सुरुवात करू पाहणाऱ्याला वापरलेला कॅमेरा घ्यायचा असेल, तर शोध बहुधा याच पिढीपाशी येऊन थांबतो.

आकाराबद्दलचा गैरसमज आधी दूर केलेला बरा. फिल्मच्या काळातील 6 × 4.5 ची चौकट प्रत्यक्षात सुमारे 56 × 41.5 मिलिमीटर असे, म्हणजे आपला हा सेन्सर त्या लहान चौकटीपेक्षाही लहान आहे. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ 864 चौरस मिलिमीटर आणि याचे सुमारे 1,441, म्हणजे 1.67 पट. तेच अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र किती उघडे ते) आणि तोच शटर वेग ठेवला तर मिळणारा जास्तीचा प्रकाश जेमतेम पाऊण स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). पार्श्वभूमी विरघळवण्याच्या बाबतीत तर हिशेब आणखी सरळ आहे: या सेन्सरवरची एफ/2.8 ची लेन्स (एफ पुढचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे) फुल फ्रेमवरच्या साधारण एफ/2.2 इतकीच उथळ फोकसखोली (जेवढ्या अंतरातले स्पष्ट दिसते ती खोली) देते, आणि फुल फ्रेमवर एफ/1.4 च्या लेन्सना तोटा नाही. केवळ धूसर पार्श्वभूमीसाठी कोणी या कॅमेऱ्यांकडे येत असेल, तर त्याने येऊ नये असे मी मनापासून सांगेन.

मग मिळते काय? पहिल्याच आठवड्यात मी खिडकीशेजारच्या टेबलावर पांढऱ्या चिनी मातीची एक बरणी ठेवून, मागे पांढरीच भिंत येईल अशा बेताने छायाचित्रे काढली. ढगाळ दुपार होती आणि उजेड एकाच बाजूने येत होता. पडद्यावर पाहिले तेव्हा बरणीच्या कडेपासून तिच्या सावलीच्या बाजूपर्यंत पांढऱ्याचा राखाडी होत जाण्याचा जो प्रवास होता, त्यात कुठेही पायरी दिसत नव्हती. बरणीच्या गळ्याखाली झिलईचा एक जाडसर ओघळ होता, जो डोळ्यांनीही वाकून पाहिल्याशिवाय कळत नसे. तो त्या राखाडी छटांमध्ये अगदी हलक्या उंचवट्यासारखा उमटला होता. तीक्ष्णतेची अपेक्षा मी धरलेलीच होती. मला थांबवले ते या मधल्या छटांनी. या आकाराच्या सेन्सरचे खरे देणे तिथे आहे, असे माझे मत तेव्हापासून बनले आहे आणि आठ महिन्यांत ते बदललेले नाही.

अडचण अशी, की ते देणे फाइल उघडताक्षणी हाती पडत नाही. रॉ फाइलमधील आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात असतात. डोळ्याला दिसते तसे चित्र त्यातून घडवायला प्रत्येक सॉफ्टवेअर त्यावर एक वक्र (मूळ उजेड चित्रात किती उजळ दिसावा हे ठरवणारी रेघ) चढवते. बहुतेक सॉफ्टवेअरचा मूळचा वक्र ठसठशीत, चटकन नजरेत भरणारा असतो. तो बरणीच्या चित्रावर चढला की सर्वांत उजळ बाजूच्या छटा एकमेकींना चिकटतात आणि ओघळ नाहीसा होतो. मी पहिले दोन महिने नेमकी हीच चूक करत राहिलो: फाइल उघडायची, आहे तो वक्र राहू द्यायचा, वर कॉन्ट्रास्ट आणि क्लॅरिटीचे स्लाइडर ओढायचे आणि नंतर या चित्रात जुन्या कॅमेऱ्यापेक्षा वेगळे काय आहे हे शोधत बसायचे. कॅप्चर वन या रॉ प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये वक्रासाठी सरळ प्रतिसादाचा पर्याय निवडता येतो, आणि डार्कटेबल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तर ‘फिल्मिक आरजीबी’ किंवा ‘सिग्मॉइड’ हे टप्पे वापरून उजेडाचा वरचा भाग किती हळुवारपणे पांढऱ्यात मिसळावा हे आपणच ठरवतो. सरळ प्रतिसादाची फाइल प्रथम पाहताना मळकट, निस्तेज वाटते. तिथे घाबरून जाऊ नये. तिथून थोडे थोडे वर चढत गेलो की कुठल्या छटा कधी हातच्या जात आहेत हे कळते; तयार वक्रापासून सुरुवात केली तर त्या आधीच गेलेल्या असतात.

एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर किती प्रकाश पडू द्यायचा ते, ठरवण्याची माझी पद्धतही यामुळे बदलली. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेड-अंधाराच्या वाटणीचा आलेख) रॉ फाइलचा नसून, कॅमेरा आतल्या आत तयार करत असलेल्या जेपेगचा असतो, हे मला ऐकून ठाऊक होते. त्याचा अर्थ कळला तो लाल लोकरी स्वेटर घातलेल्या एका मित्राचे छायाचित्र काढताना. कॅमेरा सांगत होता की स्वेटरचा उन्हातला खांदा पूर्ण जळाला आहे, म्हणजे अति उजेडाने तिथला तपशील गेला आहे. रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये तीच फाइल उघडून रॉ हिस्टोग्राम पाहिला, तर लाल वाहिनीत (लाल रंगाच्या आकड्यांत) जवळजवळ एक स्टॉप जागा शिल्लक होती. कारण साधे आहे: व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून रंगांची जुळवणी) लावताना लाल आणि निळ्या वाहिन्यांचे आकडे गुणून वाढवले जातात, आणि जेपेगमध्ये तो गुणाकार झाल्यावर जे काठाबाहेर जाते ते सेन्सरवर गेलेले असतेच असे नाही. तेव्हापासून मी दर नव्या प्रकारच्या उजेडात दोन-तीन चाचणी चित्रे घेतो, ती रॉ हिस्टोग्राममध्ये पाहतो आणि कॅमेऱ्याचा इशारा किती लवकर वाजतो याचा अंदाज बांधतो.

याची दुसरी बाजू म्हणजे सावल्या. खोलीत बसलेल्या माणसामागे उजळ खिडकी असेल, तर मी आता खिडकी सांभाळून एक्स्पोजर घेतो आणि चेहरा प्रक्रियेत तीन स्टॉपपर्यंत वर उचलतो. या सेन्सरवर ते निभते. काळ्या कोटाच्या घड्यांमध्येही रंगाचे डाग किंवा पट्टे येत नाहीत. तरीही जिथे उजेडाला जागा आहे तिथे चित्र जाणूनबुजून अंधारे घेऊन नंतर उचलण्यात काही शहाणपण नाही, कारण नॉइजचा (चित्रातल्या दाणेदारपणाचा) मूळ संबंध सेन्सरवर प्रत्यक्ष किती प्रकाश पडला याच्याशी आहे आणि तो प्रकाश कोणताही स्लाइडर नंतर आणून देत नाही. बिटांच्या संख्येवरून जी चर्चा चालते तिला मी फार महत्त्व देत नाही. या पिढीतील फायलींमध्ये साधारणपणे 14 बिट, म्हणजे प्रत्येक वाहिनीत 16,384 पायऱ्या असतात. 100 मेगापिक्सेलच्या काही कॅमेऱ्यांत 16 बिटचा पर्याय मिळतो. छापलेल्या चित्रात हा फरक कोणाला दाखवता येईल असे मला वाटत नाही.

सॉफ्टवेअरच्या निवडीबाबत एक गोष्ट कॅमेरा घेण्याआधीच तपासावी: प्रत्येक सॉफ्टवेअर प्रत्येक कॅमेऱ्याची रॉ फाइल उघडतेच असे नाही. फुजिफिल्मचा पहिला जीएफएक्स 2017 मध्ये आला, पण कॅप्चर वनमध्ये त्याच्या फायली वापरता येऊ लागल्या त्या 2018 मध्ये. हॅसलब्लाडचे स्वतःचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि रॉथेरपी व डार्कटेबल ही तर मुक्त सॉफ्टवेअर आहेत, त्यामुळे शिकण्याच्या काळात खर्च करण्याची निकड नसते. मी तीन महिने केवळ मोफत साधनांवर काढले आणि त्याचे मला समाधान आहे, कारण त्यांत प्रत्येक टप्पा उघडा असतो आणि कोणता बदल कशामुळे झाला हे पाहता येते. नंतर रोजच्या कामासाठी एक सशुल्क सॉफ्टवेअर घेतले. त्यात त्वचेचे रंग चटकन जुळतात आणि शंभर चित्रांतून दहा निवडण्याचे काम निम्म्या वेळेत होते. मात्र अवघड फाइल अजूनही मी मोफत साधनातच उघडतो.

शार्पनिंगबद्दल (सॉफ्टवेअरने कडा ठळक करण्याबद्दल) सविस्तर सांगायला हवे, कारण नवखा माणूस इथेच अति करतो. या सेन्सरवर लो-पास फिल्टर (बारीक नक्षीवर खोटे तरंग येऊ नयेत म्हणून चित्र किंचित धूसर करणारा थर) नाही, त्यामुळे बारकावे मुळातच रेखीव येतात आणि सॉफ्टवेअरचे मूळ शार्पनिंग त्यांच्याभोवती पांढरी कड उमटवते. फुल फ्रेमच्या सवयीने मी जे आकडे ठेवत होतो त्यांनी त्वचा खडबडीत, केस तारांसारखे आणि झाडांची पाने कागदी दिसू लागली होती. आता त्रिज्या कमीत कमी ठेवतो, मात्रा निम्मी करतो आणि लेन्सच्या किंचित धूसरपणाची भरपाई करायची असेल तेव्हा रॉथेरपीमधील ‘कॅप्चर शार्पनिंग’ वापरतो. फिल्टर नसण्याचा तोटा बारीक विणीच्या कापडावर दिसतो. राखाडी जाकिटाच्या बाहीवर हिरवे-जांभळे तरंग उमटले होते. अशा तरंगांसाठीच्या, म्हणजे मॉआरेच्या ब्रशने रंग गेला, पण उजेड-काळोखाची नक्षी राहिलीच. असा प्रसंग आला तर दोन पावले पुढे-मागे होऊन पुन्हा चित्र घेणे हाच खरा उपाय आहे.

तरंग टाळायचे म्हणून अ‍ॅपर्चर फारच बंद केले, तर दुसरी किंमत मोजावी लागते. एफ/16 ला प्रकाशाच्या एका बिंदूची सेन्सरवर पडणारी चकती सुमारे 21 मायक्रॉनची होते, आणि पिक्सेलची रुंदी आहे 5.3 मायक्रॉन; म्हणून बारकावे धूसर होतात. माझी लेन्स एफ/5.6 ते एफ/8 मध्ये सर्वोत्तम आहे, एफ/11 पर्यंत मी निःशंक जातो आणि त्यापुढे फोकसखोली खरोखरच हवी असेल तेव्हाच. हात हलण्याचेही तसेच आहे. माझ्या कॅमेऱ्यात स्थिरीकरण नाही, आणि हातात कॅमेरा धरून टिपण्याच्या जुन्या नियमाने पुरेसा वाटणारा 1/60 चा वेग इथे पुरत नाही. 1/125 च्या खाली उतरायचे असेल तर मी ट्रायपॉड काढतो. इलेक्ट्रॉनिक शटरवर सेन्सर वाचायला साधारण पाव सेकंद लागत असल्याने चालणारा माणूस तिरका येतो आणि काही दिव्यांखाली पट्टे पडतात. लहान मुले, खेळ, समारंभ यांसाठी फोकसही मंद पडतो. त्या कामासाठी मी जुना कॅमेरा ठेवला आहे.

जागेचा हिशेब आधी करून ठेवावा. माझी असंपीडित रॉ फाइल 100 मेगाबाइटच्या वर जाते. 8256 × 6192 पिक्सेलची 16 बिट टिफ (प्रक्रिया झालेली चित्रफाइल) काढली की असंपीडित स्वरूपात ती सुमारे 307 मेगाबाइट होते. गुणवत्ता न घटवणारे संपीडन कॅमेऱ्यात उपलब्ध असेल तर ते निःशंकपणे चालू करावे. संगणकात 8 गिगाबाइट मेमरी होती तेव्हा प्रत्येक मास्क (चित्राच्या ठरावीक भागापुरता बदल) लावल्यावर थांबावे लागे. 32 गिगाबाइट केल्यावर काम वाहते झाले. आणि फायली सॉफ्टवेअरच्या बाहेरून इकडेतिकडे हलवू नयेत. एकदा मी एक फोल्डर थेट दुसऱ्या डिस्कवर टाकले आणि सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमधील (चित्रे कुठे आहेत याच्या नोंदवहीतील) दोनशे चित्रांचे संबंध तुटले. ते पुन्हा जोडण्यात एक संध्याकाळ गेली. डार्कटेबल आणि रॉथेरपी चित्राशेजारीच एक छोटी मजकूर फाइल ठेवतात आणि केलेले सगळे बदल तिच्यात नोंदतात, हे मला तेव्हापासून विशेष आवडू लागले आहे.

गेल्या आठवड्यात मी ती पहिली बरणी पुन्हा उघडली. जुने बदल पुसले, सरळ प्रतिसादापासून सुरुवात केली, करड्या कार्डावरून व्हाइट बॅलन्स घेतला, उजळ भाग पाव स्टॉपने खाली आणला, वक्राच्या मधल्या भागाला किंचित उचल दिली आणि शार्पनिंगला हात लावला नाही. चार मिनिटांत चित्र तयार झाले. 300 पीपीआयला (दर इंचाला 300 पिक्सेल) त्याचा छाप सुमारे 27.5 × 20.6 इंचांचा होतो; तेवढा मोठा काढून भिंतीला लावला आहे. गळ्याखालचा तो ओघळ आता दारातूनही दिसतो.