हॉट शॉट वाहतुकीसाठी गूजनेक ट्रेलर: हलका की भारी?

अमेरिकेत पिकअप ट्रकमागे ट्रेलर जोडून तातडीचा माल पोहोचवणाऱ्या हॉट शॉट व्यवसायात हलक्या गूजनेकचे (पिकअपच्या मागच्या हौद्यातील जोडणीला अडकवायच्या ट्रेलरचे) आकर्षण समजण्यासारखे आहे: ट्रक आणि ट्रेलर यांची एकत्रित वजनमर्यादा 26,000 पौंडांच्या आत राहिल्यास सीडीएल, म्हणजे व्यावसायिक चालक परवाना, लागत नाही. मात्र पिकअपची मर्यादा 14,000 पौंड असेल, तर ट्रेलरसाठी 12,000 पौंडच उरतात आणि त्यातून ट्रेलरचे स्वतःचे वजन वजा केल्यावर मालासाठी बरेच कमी शिल्लक राहते. शिवाय आंतरराज्य वाहतुकीत डॉट क्रमांक (अमेरिकी परिवहन विभागाचा नोंदणी क्रमांक) आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांतून सुटका नाहीच.

याउलट जोडचाकांच्या दोन ॲक्सलचा, 40 फुटी, सुमारे 25,000 पौंड मर्यादेचा गूजनेक घेतल्यास 'क्लास ए' परवाना (जड ट्रक-ट्रेलर जोडीसाठीचा सीडीएल) आणि जास्त टायरांचा खर्च येतो, पण लोखंडी पाइप किंवा अवजड यंत्रे नेता येतात. गूजनेकमध्ये ट्रेलरच्या वजनाचा साधारण 20 ते 25 टक्के भार पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर येत असल्याने ट्रकच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर लिहिलेली भारक्षमता आधी तपासावी. हा व्यवसाय दीर्घकाळ करणाऱ्याने परवाना काढून भारी ट्रेलरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.