बनावट शिवराई पदरी पडली, तर तक्रार नेमकी कुठे करावी?

1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि त्यानिमित्त शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. होन इतका दुर्मीळ आहे की बहुतेक संग्राहकांना तो फक्त संग्रहालयात काचेआडच पाहायला मिळतो. शिवराई मात्र पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही पाडली जात राहिली, म्हणून ती आजही बाजारात मिळते. या नाण्यावर मराठी माणसाचा जीव आहे, आणि बनावट माल विकणाऱ्यांनी नेमके तेच हेरले आहे. फेसबुकवरचे ग्रुप, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बोली रात्री दहाला बंद’ म्हणत चालणारे लिलाव, परदेशी लिलाव संकेतस्थळे, सगळीकडे सोन्याचे पाणी दिलेले पितळी होन आणि साच्यात ओतलेल्या शिवराया ‘अस्सल’ म्हणून खपवल्या जातात. त्याच रांगेत ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, 1818 साल आणि राम दरबार असलेली नाणी असतात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नव्हती.

आठवण म्हणून कोणी प्रतिकृती विकली आणि ती प्रतिकृती आहे असे सांगितले, तर त्यात गैर काही नाही. खोट्याला खरे म्हणून विकणे हा गुन्हा आहे, आणि हा लेख त्याच्याविरुद्ध तक्रार करू पाहणाऱ्यांसाठी आहे.

तक्रारीचे मार्ग बरेच आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे आहे. म्हणून आधी एक गोष्ट ठरवा: पैसे परत हवेत, की त्या विक्रेत्याला थांबवायचे आहे? दोन्ही हवे असेल तर दोन मार्ग एकाच वेळी धरावे लागतात. बहुतेक संग्राहक पैसे मिळाले की गप्प बसतात, नाणे परत पाठवतात आणि तेच नाणे पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात पडते. माझे मत स्पष्ट आहे: फक्त पैसे परत घेऊन थांबू नये.

आधी पुरावा

कुठेही जा, पहिल्यांदा पुरावाच मागतील. लॉटचे (लिलावात एका क्रमांकाखाली विकल्या जाणाऱ्या वस्तूचे) पान, वर्णन, फोटो, बोलीचा इतिहास, विक्रेत्याचे खाते आणि सगळे चॅट तारीख-वेळेसह जपून ठेवा. पाकीट उघडतानाचा सलग व्हिडिओ असावा. नाणे काट्यावर ठेवून वजनाच्या आकड्यासकट फोटो काढा. 1840 चा राणी व्हिक्टोरियाचा रुपया 11.66 ग्रॅमचा असतो. थोडीफार झीज समजू शकते, पण दीड-दोन ग्रॅमचा फरक झिजेने पडत नाही. नाणे घासू नका, धुऊ नका.

शिवराईच्या बाबतीत एक पुरावा फार मोलाचा ठरतो. खरी शिवराई हातोड्याने ठोकून पाडलेली असते. दरवेळी तांब्याची चकती वेगळ्या आकाराची, दरवेळी ठप्पा थोडा इकडे-तिकडे बसलेला. त्यामुळे दोन अस्सल शिवराया काठापासून अक्षरांपर्यंत तंतोतंत सारख्या असणे जवळपास अशक्य. साच्यात ओतलेल्या नाण्यांचे उलट असते: काठावरचा टवका, अक्षराचा तुटलेला भाग, पृष्ठभागावरचा खड्डा, सगळे प्रत्येक नगात त्याच जागी. त्याच विक्रेत्याच्या जुन्या लिलावांमधले फोटो शोधा. तुमच्याकडे आलेल्या नाण्याचा जुळा भाऊ तिथे सापडला, तर नाणे बनावट असल्याचे तर दिसतेच, शिवाय विक्रेता एकच माल पुन्हा पुन्हा विकतो आहे हेही दिसते. पुढे पोलिसांकडे जायचे झाले तर हीच जोडी सगळ्यात जास्त कामाला येते.

जाणकाराचे मत लेखी घ्या. ‘खोटे वाटते’ एवढे लिहून भागत नाही. वजन, काठ, अक्षरांची घडण, धातू असे कारण लिहिलेले हवे. चॅट ज्या फोनवर आहे तो फोन विकू नका किंवा रिसेट करू नका, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ उपकरण हाती असले की ते सोपे जाते.

लिलावाचे संकेतस्थळ की बँक?

संकेतस्थळावरून घेतले असेल तर पहिली तक्रार तिथेच. ईबेचे भारतातले संकेतस्थळ 2018 मध्ये बंद झाले, पण आपले बरेच संग्राहक आंतरराष्ट्रीय ईबेवरून बोली लावतात. तिथे वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याची तक्रार साधारणपणे वस्तू पोचल्यापासून 30 दिवसांत करावी लागते. मात्र तिथे दोन वेगळी बटणे आहेत हे लक्षात ठेवा. पैसे परत मागणे वेगळे आणि त्या लॉटची बनावट म्हणून नोंद करणे वेगळे. पहिले केले म्हणजे दुसरे आपोआप होत नाही. प्रतिकृती नाण्यांच्या विक्रीवर ईबेने 2012 पासून बंदी घातली आहे, त्यामुळे दुसऱ्या तक्रारीला आधार पक्का असतो.

परदेशी विक्रेता नाणे परत मागतो तेव्हा आपल्याकडे एक अडचण उभी राहते. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. आपले नाणे बनावट आहे हे आपल्याला ठाऊक असते, पण कस्टम्सने पाकीट अडवले तर ती पुरातन वस्तू नाही हे दाखवायची जबाबदारी आपल्यावर येते. त्यामुळे परत पाठवण्याची अट आली की ही अडचण आधी लेखी कळवा आणि नाणे न पाठवता परतावा मागा.

भारतीय बाजारपेठ-संकेतस्थळांना 2020 चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत. तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचे. याच नियमांत फारसे कोणी वापरत नाही असा एक अधिकार आहे: खरेदीनंतर लेखी मागणी केली, तर विक्रेत्याचा पत्ता, ईमेल वगैरे माहिती संकेतस्थळाला द्यावी लागते. ही मागणी पहिल्याच ईमेलमध्ये करा. पुढे ग्राहक आयोगात जायचे असेल तर विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतोच.

बँकेचा मार्ग क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तरच खरा उपयोगी. व्हिसासारख्या कार्डांच्या जाळ्यांत बनावट मालासाठी चार्जबॅकचे, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत घेण्याचे, वेगळे कारण आहे आणि मुदत साधारण 120 दिवसांची. इथेही जाणकाराचे लेखी मत लागते. यूपीआयने थेट एखाद्याच्या खात्यावर पैसे पाठवले असतील तर बँकेकडून फार आशा ठेवू नका. अनधिकृत व्यवहारांबाबत ग्राहकाला संरक्षण देणारे रिझर्व्ह बँकेचे 2017 चे परिपत्रक इथे लागू होत नाही, कारण पिन तुम्ही स्वतः टाकलेला असतो.

1930 की 1915?

या दोन नंबरांची गल्लत सतत होते आणि त्यात मोलाचे तास जातात.

1930 हा सायबर आर्थिक फसवणुकीचा नंबर आहे. पैसे गेले, नाणे आलेच नाही, विक्रेत्याने ब्लॉक केले, खाते गायब झाले, अशा वेळी क्षणभरही न थांबता इथे फोन करा. तक्रार लवकर गेली तर पैसे ज्या खात्यात आहेत तिथेच गोठवता येतात. पैसे एकदा पुढच्या खात्यांत पांगले की हाती काही लागत नाही. ‘उद्या पाठवतो’ या उत्तरावर आठवडाभर थांबणे इथे सगळ्यात महाग पडते. ‘तुमच्या जुन्या नोटेचे लाखो रुपये देतो, आधी शुल्क भरा’ हा प्रकारही याच नंबरचा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल बँकेने 2021 मध्ये लोकांना सावध केले होते.

1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीतून बोलता येते. विक्रेता हाताशी आहे, संकेतस्थळ ओळखीचे आहे, पण दाद देत नाही, अशा वेळी ही बरी. हेल्पलाइन कोणावर आदेश काढू शकत नाही. ती तक्रार कंपनीकडे नेते आणि पाठपुरावा करते. मोठे नाव असलेल्या कंपन्या त्याने हलतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या विक्रेत्यावर मात्र याचा काहीच परिणाम होत नाही.

ग्राहक आयोग की पोलीस?

रक्कम मोठी असेल तर खरा निर्णय इथे घ्यावा लागतो.

जिल्हा ग्राहक आयोगाच्या बाजूने बरेच काही आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता कोलकात्याचा असला तरी. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. मुदत दोन वर्षांची, म्हणजे पुरावा गोळा करायला वेळ आहे. वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे, आणि नाण्याच्या बाबतीत त्याला फार महत्त्व आहे. पैशांबरोबर मनस्तापाची भरपाईही मागता येते. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागेल असे धरूनच पाऊल टाका.

दोन खाचखळगे आहेत. पहिला, पुनर्विक्रीसाठी घेणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने ‘ग्राहक’ नाही. आपल्यापैकी अनेक जण घेतातही आणि विकतातही. म्हणून हे नाणे स्वतःच्या संग्रहासाठी घेतले होते हे तक्रारीत ठळक लिहा. दुसरा, विक्रेता म्हणतो, ‘मी डीलर नाही, संग्रहातली जादाची नाणी काढतोय.’ ई-कॉमर्स नियम व्यवसाय म्हणून नियमितपणे न विकणाऱ्या व्यक्तीला लागू नाहीत, हे त्यालाही माहीत असते. त्यावर उत्तर म्हणजे त्याच्या गेल्या अनेक महिन्यांच्या लॉटची यादी. दर आठवड्याला वीस नाणी काढणारा माणूस हौशी संग्राहक नव्हे. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यवसाय करायला 1972 च्या कायद्याने परवाना लागतो. तो आहे का, हे त्याला चॅटवरच विचारा. उत्तर काहीही आले तरी ते तुमच्या कामाचे आहे.

आयोगाने पैसे मिळतील, पण विक्रेत्याची दुकानदारी बंद होईलच असे नाही. त्यासाठी पोलीस. जुनी नाणी आज चलनात नसल्याने खोट्या चलनाचे कलम इथे लागत नाही. लागते ते फसवणुकीचे, भारतीय न्याय संहितेचे कलम 318. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा पहिले उत्तर मिळते, ‘हे दिवाणी प्रकरण आहे.’ कारण फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता हे दाखवावे लागते. एकाच साच्यातल्या दोन शिवरायांचे फोटो आणि आणखी दोन-तीन फसलेल्या संग्राहकांचे अर्ज सोबत असतील तर ते उत्तर टिकत नाही. तक्रार घेतलीच नाही तर ती टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत गुन्हा कुठल्या हद्दीत घडला यावरून परत पाठवण्यालाही वाव नाही. एकट्याने जाण्यापेक्षा चार जणांनी मिळून जावे, असे मी आग्रहाने सांगेन. एका नाण्याची तक्रार ही विक्रेत्याची चूक म्हणून खपते. चार नाण्यांची खपत नाही.

लिलावात स्वतःच्याच माणसांकडून खोट्या बोली लावून भाव चढवला असेल, तर नाणे खरे असले तरी 1930 सालच्या माल विक्री कायद्याच्या कलम 64 प्रमाणे तो व्यवहार रद्द करण्याचा अधिकार खरेदीदाराला आहे. हा मुद्दा आयोगापुढे जरूर मांडा.

ग्रुपवर नाव जाहीर करावे का?

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात मोहाचा मार्ग. त्याने इतर लोक सावध होतात हे खरे. पण ‘हा चोर आहे’ असे लिहिलेत तर अब्रुनुकसानीची नोटीस तुम्हालाच येऊ शकते, आणि विक्रेता नाव बदलून दुसऱ्या ग्रुपवर जातो. लिहायचेच तर नाण्याविषयी लिहा: फोटो, वजन, लॉटची तारीख, जाणकाराचे मत, तक्रार दाखल केली असल्यास त्याची नोंद. विशेषणे नकोत. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला मात्र सगळे कागद द्या.

रकमेप्रमाणे माझा सल्ला

हजार-दोन हजारांचे नाणे, संकेतस्थळावरून घेतलेले: संकेतस्थळाची तक्रार, लॉटची बनावट म्हणून नोंद, आणि दाद न मिळाल्यास 1915. आयोगात जाण्याइतका वेळ त्यात घालवू नका, पण नोंद जरूर करा.

दहा हजारांच्या पुढे, विक्रेता सापडण्यासारखा: कार्डाने पैसे दिले असतील तर चार्जबॅक, नाहीतर थेट जिल्हा आयोग.

सोशल मीडियावरचा विक्रेता, यूपीआय, आणि माणूस गायब: आधी 1930, मग सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर सविस्तर तक्रार, मग पोलीस ठाणे.

एकाच विक्रेत्याने अनेकांना फसवले असेल तर रक्कम कितीही छोटी असो, पोलीस. आणि तडजोडीची वेळ आली, तो ‘पैसे देतो, तक्रार मागे घ्या, नाणे परत पाठवा’ म्हणू लागला, तर पैसे घ्या, पण नाणे परत द्यायच्या आधी त्याचे दोन्ही बाजूंचे आणि काठाचे स्पष्ट फोटो, वजन आणि लॉटची तारीख आपल्या ग्रुपच्या बनावट नाण्यांच्या संग्रहात टाका. शक्य असेल तर नाणे पोलिसांच्या किंवा आयोगाच्या ताब्यात द्या. तिथे जमा झालेले नाणे त्याला पुन्हा लिलावात काढता येणार नाही.