मारुती ८००चं कार्ब्युरेटर किट: सकाळच्या स्टार्टिंगला कितपत कामाचं?

नाशकात थंडी पडली की जुन्या कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) मारुती ८०० सकाळी हटून बसतात आणि गॅरेजमधून पहिला सल्ला येतो, ‘किट टाकून घ्या.’ स्पेअरच्या दुकानांत साध्या पिशवीत, ब्रँडविना मिळणारं हे किट (कार्ब्युरेटरची सुई, गॅस्केट, डायफ्रॅम असे बदलायचे भाग) बसवण्यासारखं आहे, पण आजार कार्ब्युरेटरचाच असेल तर.

तो आहे का, हे दहा मिनिटांत कळतं. एअर फिल्टर काढा, चोक पूर्ण ओढा. हवा अडवणारी वरची पाकळी गच्च मिटली पाहिजे. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून हवा कमी, पेट्रोल जास्त असं दाट मिश्रण लागतं. केबल सैल पडून पाकळीत फट राहत असेल तर किट व्यर्थ. मग इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबा. आत पेट्रोलची पिचकारी उडायला हवी. (गाडी आठवडाभर उभी असेल तर फ्लोट बाउल, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं भांडं, कोरडा असतो, आधी थोडा सेल्फ मारून मग पाहा.) सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली उतरत असेल तर दोष आधी बॅटरीत शोधा, कार्ब्युरेटरला हात लावू नका.

किटमधला सगळ्यात चांगला भाग म्हणजे नीडल व्हॉल्व्ह, बाउलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई. जुन्या सुईच्या टोकाला खाच पडली की पेट्रोल ओव्हरफ्लो होतं, प्लग ओले होतात. नवीन सुई बसवल्यावर फ्लोटची (बाउलमधल्या तरंगत्या भागाची) लेव्हल पुन्हा लावावी लागते. घाईत हेच राहतं आणि दोष किटला जातो. गॅस्केट ठीक आहेत. डायफ्रॅम, म्हणजे पिचकारी उडवणारा रबरी पडदा, मात्र हलका: इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये साधं रबर फुगतं, कडक होतं आणि पिचकारी पुन्हा मरते. तेवढा वेगळा, चांगल्या प्रतीचा घ्या.

जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, किटमध्ये नसतात. चोकवर चालणारी गाडी चोक आत ढकलताच बंद पडत असेल तर बहुधा पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा) तुंबलाय. तो क्लीनर आणि हवेच्या प्रेशरनंच साफ करा. तार घातली की भोक मोठं झालंच.

बसवून झाल्यावर चोक पूर्ण ओढून, अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता ५-७ सेकंद सेल्फ मारा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा मारा. पेट्रोलचा वास आला तर उलट: चोक आत, अ‍ॅक्सिलरेटर तळाशी दाबून धरा, १० सेकंद सेल्फ. तरीही प्लग ओलेच निघाले तर प्लगचा गॅप ०.७-०.८ मि.मी. आहे का ते बघा, आणि जुन्या गाडीत डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क) घासून काळे पडले असतील तर ते बदला. किटपेक्षा स्वस्तात काम होईल.