गावातलं कॅफे, वर्ष होत आलं: कॉफीबद्दल थोडं, पाण्याबद्दल जास्त

मे महिन्यात गावच्या कॅफेतली कॉफी मशीन बंद पडली म्हणून हे लिहायला बसली, नाहीतर रिव्ह्यू लिहायचं डोक्यात नव्हतं. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर-अंजनगाव पट्ट्यातलं, कॅफे बसस्टँडच्या मागं, जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मागच्या पावसाळ्यात उघडलं. पुण्याला कॅफेत काम करून परत आलेला गावचाच पोरगा चालवते, किचन त्याची आई पाहते. मेन्यू, फोटो, टायमिंग सगळं सगळ्यांनी टाकून झालं आहे, मी ते परत सांगत नाही.

मला पहिले पाण्याचं सांगायचं आहे. आपण खारपाण पट्ट्यात राहतो. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा मिळून आठ-नऊशे गावं अशी आहेत की जमिनीखाली पाणी आहे पण खारं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हीटरच्या रॉडवर पांढरा थर बसते. आमच्या आजीच्या घरात वरणाचं पाणी वेगळ्या हंड्यात असायचं आणि त्या हंड्याला पोरांनी हात लावायचा नाही. आता विचार करा, कॉफीच्या कपात दूध सोडलं तर जवळपास सगळं पाणीच असते, काळ्या कॉफीत तर ९८ टक्क्यांच्या वर. मग बिया कर्नाटकातून मागवा, मशीन लाखाच्या वरची घ्या आणि त्यात बोअरचं पाणी ओता, तर चव येणार कुठून? मी त्याला पहिल्याच आठवड्यात म्हटलं. तो म्हणे, मॅडम, मशीनला फिल्टर आहे ना. मी तो फिल्टर पाहिला, तो गाळ अडवणारा होता, पाण्यात विरघळलेला क्षार त्याने जात नाही.

मग मी टीडीएस मीटर घेऊन गेली, म्हणजे लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळला आहे ते दाखवणारं. पेनसारखं असते, दोन-अडीचशे रुपयात मिळते, आपल्या भागात प्रत्येक घरात पाहिजे असं माझं मत आहे. शहानूर धरणाचं नळाचं पाणी दोनशेच्या आसपास निघालं, कॅफेच्या बोअरचं अठराशेच्या वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे. आणि स्पेशालिटी कॉफी असोसिएशन म्हणून कॉफीवाल्यांची जी जागतिक संघटना आहे ती म्हणते १५० च्या जवळपास ठेवा, ७५ ते २५० मध्ये. म्हणजे आपलं नळाचं पाणी त्या हिशोबात बसते! तेही नको आणि एकदम आरओची कॅनच टाकतो म्हणाल तर त्यातही अडचण आहे, क्षार पार काढून टाकले की कॉफी मिळमिळीत लागते, थोडे क्षार असल्याशिवाय बियांतली चव पाण्यात नीट उतरत नाही. इतकं सरळ गणित आहे. पण नळ येते तिसऱ्या दिवशी, साठवायला टाकी पाहिजे, टाकीला जागा पाहिजे, आणि दुकान भाड्याचं. त्याची अडचण मला कळते. तरी ९० रुपयाच्या कॅपुचिनोत मागून जिभेवर खारट येत असेल तर मी ते सांगणारच.

एवढं असून मी जात का राहिली, ते सांगते.

आमच्या गावात चहाच्या टपऱ्या भरपूर आहेत आणि चहा चांगला आहे, दहा रुपयात. पण टपरीवर बाई बसत नाही. उभीही राहत नाही. नवऱ्यासोबत असेल तर गाडीवरच बसून पिते आणि निघते. पानठेला, केस कटिंगचं दुकान, देवळाचा पार, ग्रामपंचायतीपुढचा ओटा, बसायच्या सगळ्या जागा माणसांच्या. आम्ही जिल्हा परिषद शाळेतल्या चौघीजणी, शनिवारी सकाळची शाळा सुटली की बोलायचं असायचं तर स्टँडवर एसटीची वाट पाहताना बोलायचो, तेही उभ्यानं, आणि एसटी आली की अर्धं बोलणं राहून जायचं. कॅफेत पहिल्यांदा आम्ही दोन तास बसलो आणि कोणी विचारलं नाही की कोणाची वाट पाहून राहिल्या. हे ज्यांना रोज मिळते त्यांना याची किंमत कळणार नाही. आणि तिथं स्वच्छ बाथरूम आहे, कडी लागते, पाणी असते. आठवडी बाजाराला खेड्यावरून आलेल्या बायांना तो पोरगा काही न घेता वापरू देते. यासाठी त्याला वेगळा स्टार द्यायला पाहिजे.

सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, तिथं काय सोनं टाकते काय कॉफीत? घरी दूध नाई काय?" त्यांचंही खरं आहे, घरी पंधरा रुपयात होते. पण ते पैसे कॉफीचे नाहीत, बसायचे आहेत. लंडनला १६५२ साली पहिलं कॉफी हाऊस निघालं, पुढं तिथं एका पेनीत कप मिळायचा आणि त्याच पेनीत पाहिजे तितका वेळ बसून पेपर वाचा, व्यापाराच्या गप्पा करा. गिऱ्हाईक मात्र पुरुषच. नागपूरला सदरचं इंडियन कॉफी हाऊस ज्यांनी पाहिलं त्यांना ठाऊक आहे, एक कप घेऊन तास गेला तरी वेटर बिल आणून आपटत नाही. ती हॉटेलं १९५७ नंतर कामगारांनीच सोसायट्या करून चालवायला घेतली. आमच्या इथला पोरगा एकटाच आहे, त्याला भाडं निघायला पाहिजे, म्हणून एका कॉफीवर दोन तास बसणाऱ्या आम्ही अधूनमधून सँडविच घेतो. सगळ्यांनी घ्यावं.

आता मेची गोष्ट. कापसाचा हंगाम संपलेला, ऊन ४५ च्या वर, दिवसाला तीन-चार वेळा लाइट जाते आणि अशात मशीनमधून पाणीच येईना. नुसता आवाज. एस्प्रेसोला नव्वद-पंचाण्णव डिग्रीचं पाणी ९ बार दाबानं बारीक नळ्यांतून जावं लागते, त्या नळ्याच बुजल्या. डीलरचा माणूस एक आठवडा लावून आला, बॉयलर उघडला तर आतून पांढरे पापुद्रे निघाले, मूठभर. मला काहीच नवल वाटलं नाही, खारं पाणी उकळलं की हेच होते. डीलर म्हणे क्षार वॉरंटीत बसत नाही, पार्ट वेगळा, व्हिजिट वेगळी, आणि पार्ट यायला महिना. विकताना ह्याच माणसाने गाव कोणतं, पाणी कोणतं, एक शब्द विचारला नव्हता! खारपाण पट्ट्यात मशीन विकता आणि सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) लावा म्हणून सांगत नाही, ही काय पद्धत आहे? मी त्या पोराला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावायला सांगितला. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागत नाही असं डीलरने सुनावलं, पण ते अर्धंच खरं आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः चालवायला घेतली असेल तर कायद्यात तोही ग्राहकच धरला आहे, आणि ५ लाखापर्यंतच्या मालाला जिल्हा ग्राहक आयोगात फी पण नाही. हे ऐकल्यावर व्हिजिटचे पैसे माफ झाले. पार्टचे घेतलेच.

मशीन बंद, हातात धंदा नाही, तर त्याच्या आईनं माळ्यावरून दक्षिणेकडचा स्टीलचा फिल्टर काढला. वर चाळणीचं भांडं, त्यात पावडर दाबायची, वरून उकळतं पाणी, खालच्या भांड्यात डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा कडक अर्क, टपकत राहते. सकाळी गॅसवर पाणी ठेवलं की झालं, लाइट असो नसो. पाणी लागते दोन-तीन लिटर, म्हणून नळाचंच वापरायला लागले!! मशीनला जे पाणी परवडत नव्हतं ते फिल्टरला परवडलं. तीस रुपये स्टीलच्या ग्लासात, कागदी कप बंद (कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असते, गरम कॉफी त्यात मला कधीच पटली नाही).

आणि इथं माझं कॅफेबद्दलचं मत पार बदललं. एप्रिलपर्यंत मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, जागेसाठी जा, कॉफीसाठी नका जाऊ. आता कॉफीसाठी जा म्हणते. कर्नाटकची पावडर, त्यात थोडी चिकोरी (एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड), आणि मिळाली की चिखलदऱ्याची मिसळतात. आपल्या चिखलदऱ्याला कॉफी होते हे गावातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. गाविलगड पाहायला जातात, भीमकुंड पाहतात, परत येतात. वर हजार मीटरच्या पुढं थंड हवा आणि झाडांची सावली आहे म्हणून तिथं हे झाड जगते, खाली आपल्या काळ्या मातीत आणि या उन्हात टिकणार नाही. पीक थोडंच, नेहमी मिळत नाही. पण ती असते त्या दिवशी तो पाटीवर लिहिते आणि लोक विचारत येतात.

गिऱ्हाईकही बदललं. आधी पोट्टे यायचे कोल्ड कॉफीचे फोटो काढायला. आता सकाळी रिटायर्ड एसटी कंडक्टर काका पेपर घेऊन येतात, त्यांच्या टेबलावर तुरीच्या भावावर भांडण होते. एमपीएससीच्या पोरी अभ्यासिका बंद झाली की येतात, एका ग्लासात दोघी. आणि आमची भिशी आता तिथंच लागते. भिशी घरी असली की जिचं घर तिचा दिवस गेला, पोहे, चिवडा, बासुंदी, मग भांडी. मागच्या महिन्यात नंबर जिचा होता ती पहिल्यांदा पूर्ण वेळ खुर्चीवर बसून होती, शेवटपर्यंत. तीच म्हणाली, "माय, आज मी पण भिशीत होती."

जूनमध्ये फिल्टर तीसची पस्तीस झाली. ब्राझील आणि व्हिएतनाममध्ये दुष्काळ पडला तेव्हा कॉफी जगभर महागली, २०२५ च्या फेब्रुवारीत तर अरेबिका जातीच्या कॉफीचा भाव विक्रमी गेला होता, त्यामुळे पावडरीचे जास्तीचे पैसे मला मान्य आहेत. भाव कसा पडते-चढते हे आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. फक्त साखर आधीच टाकून देणं बंद करा, दोनदा सांगून झालं.

मशीन दुरुस्त होऊन आली आहे. मी कॅपुचिनो घेऊन पाहिला, आता कॅनचं आणि नळाचं पाणी मिसळून टाकतो म्हणे, खारट लागला नाही. चांगला आहे, पण ९० रुपयाला मी फिल्टरचे दोन ग्लास आणि वर वीस रुपये धरते. पावसाळ्यात नळाचं पाणी गढूळ येईल तेव्हा परत बोअरवर जाऊ नका एवढंच सांगणं आहे, पाचशे लिटरची टाकी मागच्या बोळीत बसते, मी माप घेऊन पाहिलं. पाचपैकी चार स्टार देऊन राहिली, टाकी लागली की पाच करीन. जाणार असाल तर शनिवारी साडेअकरा ते दीड खिडकीजवळचं टेबल आमचं असते, बाकी कुठंही बसा.