कुंडीत कोणती मिरची लावावी: ज्वाला, लवंगी, ब्याडगी की भूत जोलोकिया?

गच्चीत तीन-चार कुंड्यांपुरतीच जागा असेल आणि घरात मिरची रोज लागत असेल, तर माझं मत आधीच सांगते: दोन कुंड्या ज्वाला, एक लवंगी. बाकी दोघींचा मोह पडतोच, पण त्यांचं गणित वेगळं आहे.

ज्वाला म्हणजे बाजारात मिळणारी लांब, बारीक, सुरकुतलेली मिरची. हिची नावाजलेली जात, पुसा ज्वाला, दिल्लीच्या पुसा संस्थेतली. बी आठ-दहा दिवसांत उगवतं, रोप लावल्यावर दोन-अडीच महिन्यांत तोडा सुरू होतो. फोडणी, पोहे, ताकातली वाळवणाची मिरची, सगळीकडे चालते. मात्र हिरवी असतानाच तोडत राहायचं. झाडावर लाल होऊ दिली की नवी फुलं मंदावतात.

लवंगी आखूड आणि जहाल. तोडायला कंटाळवाणी, कारण मूठभर व्हायलाच वेळ जातो. पण ठेच्याला तिच्यासारखी तीच. तव्यावर थोड्या तेलात मिरच्यांना पांढरट फोड येईपर्यंत परतायच्या, लसूण आणि जाडं मीठ टाकायचं आणि तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडायचं. मिक्सरमध्ये फिरवलात तर चटणी होईल, ठेचा नाही. हाताची आग होते म्हणून आधी बोटांना तेल चोळा. नुसत्या पाण्याने ती आग जात नाही. बिया काढून तिखटपणा फारसा कमी होत नाही, तो मुख्यतः बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात असतो.

ब्याडगी कुंडीत येते, पण कशासाठी लावायची? तिची ओळख रंगाची, तीही वाळल्यावर. ताज्या लाल मिरच्या वाळून साधारण पाव हिस्सा उरतात. म्हणजे किलोभर तिखटाला चारेक किलो लाल मिरची हवी. तेवढी कुंड्यांतून निघत नाही. मार्च-एप्रिलमध्ये बाजारातून आणून देठं खुडणं केव्हाही परवडतं.

राहिली भूत जोलोकिया. 2007 मध्ये गिनीजने हिला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं, दहा लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वर. आता तो मान दुसऱ्या मिरच्यांकडे गेलाय. ईशान्येत ती डुकराच्या मटणात, बांबूच्या कोंबांबरोबर शिजते, तिथे तिचा वासही हवा असतो. आपल्याकडे तेवढी खपवणार कुठे? लोणच्याच्या बरणीला एखादी पुरते. बी उगवायलाच तीन-चार आठवडे लागू शकतात, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फुलगळ ठरलेली. कोकणातली दमट हवा तिला मानवते, पण कुंडीत पाणी साचता कामा नये. पाहुण्यांना दाखवायला हवी असेल तर जरूर लावा. लहान मुलं घरात असतील तर नकोच.

चौघींवरही बोकड्या येतो. फुलकिडे, कोळी, पांढरी माशी यांमुळे शेंड्याची पानं आक्रसतात. दर आठ-दहा दिवसांनी निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, साबणाचे थेंब घालून संध्याकाळी फवारा. कुंडी किमान बारा इंची घ्या. नर्सरीत रोप निवडताना कोवळं पान उलटं करून बघा. वळलेलं दिसलं तर फुकट दिलं तरी घेऊ नका.