दशावतारी गंजिफा : दिवाळी ते नारळी पौर्णिमा, घरी खेळून आलेला अनुभव

गंजिफा, म्हणजे गोल पानांचे जुन्या वळणाचे पत्ते. विकत घेणारी बरीच मंडळी ती फ्रेम करून भिंतीवर लावतात. आम्ही खेळायला घेतली. गेल्या दिवाळीत संच घरात आला, उन्हाळ्याची सुट्टी आणि वेंगुर्ल्याचा ऐन पावसाळा त्याने आमच्यासोबत काढला. एवढे महिने हाताळल्यावर ठामपणे सांगते, हा संच खेळण्यासाठीच बनवलेला आहे आणि खेळल्याशिवाय त्यातली कारागिरी पुरती कळत नाही.

आमचा संच दशावतारी. 120 गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत अशी बारा पानं. राजाच्या पानावर अवतार स्वतः विराजमान, एक्का ते दश्शीवर त्याची खूण : मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, परशुरामाचा परशू. जत्रेत रात्र रात्र दशावतार बघत वाढलेल्या माणसाला ही ओळख करून द्यावी लागत नाही. सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी सगळे रंग वेगळे लावून दाखवले आणि मध्येच विचारलं, "अगो, वामनाचो राजा खंय गेलो?" तो माझ्या मांडीखाली होता.

किमतीबद्दल आधी सांगते, कारण सगळे तेच विचारतात. हाताने रंगवलेला पूर्ण संच हजारांत जातो. छापील पानं त्याहून बरीच स्वस्त मिळतात आणि नुसते नियम शिकायचे असतील तर ती पुरेशी आहेत. पण सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर पानं रंगवताना एकदा बघून या. एवढ्याशा गोल पानावर बारीक कुंचल्याने दहा मासे, प्रत्येक माशाला खवले आणि डोळा! सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी 1970 च्या दशकात हा हुन्नर पुन्हा उभा केला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचला. 2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला जीआय (भौगोलिक) मानांकनही मिळालं. मला दिलेले पैसे एका दिवसासाठीही जास्त वाटलेले नाहीत.

आता खेळ. तिघं लागतात, प्रत्येकाला 40 पानं. गोल पानं नेहमीच्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत. चादरीवर उपडी पसरायची आणि दोन्ही हातांनी कालवायची. वाटप आम्ही चार-चार पानांनी करतो. दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो उतारी करतो, म्हणजे पहिलं पान टाकतो, दिवेलागणीनंतर कृष्णाचा राजा. आमच्या घरी सगळ्यांना हा नियम फार आवडतो. तिन्हीसांजेला डाव पडला की बाहेर बघून ठरवायचं, आता राम की कृष्ण.

हुकमाचा रंग नसतो, सगळी मदार स्मरणशक्तीवर. कुठल्या रंगातली कोणती पानं पडून गेली आणि त्या रंगात आता सर्वांत मोठं कोणतं उरलं, हे दहा रंगांत लक्षात ठेवायचं. त्यात पाच रंगांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. सुरुवातीला डोकं भणाणतं. झब्बू आणि बदामसातवर वाढलेल्या आमच्या मुलांना महिना-दीड महिना लागला, पण आता धाकटी मला हरवते. ती खुणा मोजत बसत नाही, मांडणीवरूनच सत्ती की अठ्ठी ओळखते. वीज गेली आणि टीव्ही, वायफाय सगळं बंद पडलं की आता चादर आपोआप अंथरली जाते.

वीज गेल्यावरच एक अडचण मात्र कळली. आमच्या संचात दोन रंगांची जमीन, म्हणजे चित्रामागचा रंग, गडद आहे, एकाची हिरवी, दुसऱ्याची निळी. इमर्जन्सी दिव्याच्या उजेडात ती दोन्ही सारखीच दिसतात. घेताना दहाही राजे शेजारी मांडून, दुकानातल्या झगझगीत दिव्यापासून लांब, सावलीत बघा. दुसरं म्हणजे 40 गोल पानं एका हातात धरणं लहान मुलांना जमत नाही. आमच्याकडे सूप पुढ्यात घेऊन त्याच्या आडोशाला पानं मांडतात, छान चालतं.

पावसाळ्याची मला सर्वांत जास्त धास्ती होती. आमच्याकडे आषाढात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, पांढरं अस्तर देऊन, घोटून, रंगवून वर लाखेचा हात देत. आमची पानं पुठ्ठ्याची आहेत, पण वरचा लेप चांगला बसलेला आहे. बुरशी अजिबात आली नाही. पानं वाकलीही नाहीत. फक्त झडीच्या दिवसांत एकमेकांना किंचित चिकटायची. अशी पानं ओढून काढू नका, हलकेच फिरवून सुटी करा, लेप शाबूत राहतो. लाकडी पेटी आम्ही घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतो, आत बुटांच्या खोक्यातून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्या. पुसायला जुन्या सुती लुगड्याचा कोरडा तुकडा, ओलं फडकं कधीच नाही. आणि भजी खाताना डाव नाही, हा नियम आमच्याकडे रामनवमीपासून पक्का आहे.

झीज झाली ती कडांना. कालवताना पानांच्या कडा एकमेकींवर घासतात, तिथला लेप आधी उडतो. रंग कुठेच उडालेले नाहीत, लाल आणि पिवळा तर पहिल्या दिवसाइतके तेजस्वी आहेत. एका पानाची कड मात्र जास्त गेली. कलाकाराने ते एकच पान नव्याने करून दिलं, काम सुरेख होतं. पण गंमत अशी की नव्या पानाची पाठ किंचित उजळ दिसते आणि उपडं असतानाच ते वराहाचा प्रधान असल्याचं सगळ्यांना कळतं. ज्याच्या हाती ते पान जातं त्याचं एक गुपित आधीच फुटलेलं असतं.

म्हणून खेळण्यासाठी संच सांगणार असाल तर रंगवायला देतानाच बोलून ठेवा : त्याच वेळी, त्याच रंगाची पाठ दिलेली तीन-चार कोरी पानं जादा करून पेटीत टाकायची. ती संचासोबतच जुनी होतात. पुढे एखादं पान गेलं तर त्यातल्याच एकावर समोरची बाजू रंगवून घेता येते आणि पाठीवरून काही ओळखू येत नाही. वेगळे पैसे पडले तरी द्या. आमच्या पुढच्या संचासाठी, तो आठ रंगांचा 96 पानी मोगल गंजिफा असेल, मी हे आधीच सांगून आले आहे.