डीएमएलटीची फी भरण्याआधी हे वाचा

बारावी सायन्सला कमी मार्क पडले, नर्सिंगला नंबर लागला नाही. तेवढ्यात एसटी स्टँडजवळ बॅनर दिसला, ‘डीएमएलटी, १ वर्ष, सरकारमान्य, १०० टक्के नोकरी’. डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. देवगडहून बाबा माझ्यासोबत चौकशीला आले. त्यांनी एकच विचारलं, “सरकारमान्य आसा मा?” ऑफिसातल्या मॅडमनी भिंतीवरच्या फ्रेम दाखवल्या.

त्या फ्रेममध्ये काय होतं ते मी नंतर नीट वाचलं. सोसायटीची नोंदणी, आयएसओ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र आणि उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगाची नोंदणी. यातल्या एकानेही पॅरामेडिकल कोर्स चालवायची परवानगी मिळत नाही.

आंब्याचे पैसे आले तसे बाबांनी दोन हप्त्यांत ६५ हजार भरले. पावतीवर ‘देणगी’ लिहिलेलं होतं. “ऑडिटसाठी तसं लिहावं लागतं,” असं मॅडम म्हणाल्या. बारावीचं ओरिजनल मार्कशीट आणि दाखला त्यांनी ठेवून घेतला.

वर्षभर झेरॉक्स नोट्स. सगळ्या वर्गाला एक मायक्रोस्कोप. हॉस्पिटलची ट्रेनिंग ‘पुढच्या महिन्यात’ करत करत झालीच नाही. मी एकाही माणसाचं रक्त काढलं नव्हतं आणि माझ्या हातात फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट होतं.

रत्नागिरीला एका लॅबमध्ये मुलाखतीला गेले. सरांनी ट्यूबचा ट्रे पुढे केला, “शुगरसाठी कुठली घेशील?” मी जांभळी उचलली. त्यांनी न रागावता समजावलं. शुगरला राखाडी झाकणाची. तिच्यातल्या फ्लोराइडमुळे रक्तातल्या पेशी साखर वापरत नाहीत, नाहीतर रिपोर्ट कमी येतो. जांभळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, ती सीबीसीची, म्हणजे रक्तपेशी मोजायच्या तपासणीची. तिच्यातलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये गेलं तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं, कॅल्शियम कमी, आणि डॉक्टर त्यावरून औषध देऊ शकतात. मला पैशांपेक्षा त्याची भीती जास्त वाटली. माझ्या हातून कुणाचं काय झालं असतं?

मग त्यांनी पॅरामेडिकल कौन्सिलचं, म्हणजे महाराष्ट्र परावैद्यक परिषदेचं रजिस्ट्रेशन मागितलं. माझं सर्टिफिकेट परराज्यातल्या कुठल्याशा ‘बोर्डा’चं. त्यावर ते होत नाही, हे मला तिथे कळलं.

म्हणून हात जोडून सांगते, परीक्षा कोण घेतं ते लेखी मागा. मग नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ असो की राज्याचं कौशल्य मंडळ, ज्यांचं नाव सांगतील त्यांनाच थेट विचारा, ही संस्था यंदाच्या यादीत आहे का. आणि या कोर्सवर रजिस्ट्रेशन मिळतं का, ते महाराष्ट्र परावैद्यक परिषदेकडून कळवून घ्या. बोर्डाच्या नावात ‘राष्ट्रीय’ किंवा ‘भारत’ आहे म्हणून ते सरकारी होत नाही. ओरिजनल कागद दाखवा, ठेवायला देऊ नका.

तक्रार दिल्यावर मार्कशीट आणि दाखला मिळाला, पैसे नाहीत. पोलीस स्टेशनमध्ये पहिला प्रश्न हाच आला, “ह्या पावतीत फी कुठे लिहिलीय?” मॅडमचा एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मी डिलीट केला नव्हता, ‘फीचा दुसरा हप्ता उद्यापर्यंत भरा’. आत्ता आमच्या हातात तेवढाच पुरावा आहे.